बॉनेटवर ३८३, पोटात ४४०

मसल कार ही श्रीमंतांची गाडी कधीच नव्हती. आज ती लिलावाच्या मंचावर, दिव्यांच्या झोतात, दोरीपलीकडे उभी दिसते, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. १९६४ साली पोंटियाकच्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या इंजिनिअर मंडळींनी टेम्पेस्ट नावाच्या एका साध्यासुध्या गाडीत ३८९ घनइंचांचं इंजिन बसवलं. मधल्या आकाराच्या गाडीला ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन लावायचं नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. यावर डिलोरियननी पळवाट काढली. दंडक मॉडेलला होता, ऑप्शनला, म्हणजे गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायच्या सोयीला, नव्हता. मग जीटीओ हे मॉडेल म्हणून न आणता तीनशे डॉलरच्या आतबाहेरचं ऑप्शन म्हणून आणलं. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या आणि वरच्या मजल्यावरचे साहेब गप्प बसले.

पुढची आठ-नऊ वर्षं सगळ्यांनी हाच धंदा केला. घरगुती गाडी, तिच्यात दांडगं इंजिन, बाकी सगळीकडे काटकसर. प्लिमथनं १९६८ च्या रोड रनरमध्ये तर गालिचासुद्धा दिला नाही, खाली रबरी मॅट. पण त्या कार्टून पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना पन्नास हजार डॉलर मोजले आणि हॉर्न 'बीप-बीप' वाजेल अशी सोय केली. कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे उडवायचे, हे त्यांना नेमकं कळलं होतं. घेणारा असायचा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. कारखान्यात पाळीवर जाणारा, नाहीतर व्हिएतनामहून परत आलेला. हप्त्यावर गाडी घ्यायची, शनिवारी रात्री सिग्नलला दुसऱ्याशी लावायची, टायर जाळायचे, आणि लग्न ठरलं किंवा विम्याचा हप्ता डोईजड झाला की विकून टाकायची. या गाड्या जपून ठेवायला बनवल्याच नव्हत्या.

हे लक्षात ठेवलं की त्यांच्या कागदपत्रांकडे बघायची नजर बदलते. मला या नादाला लागून आता बरीच वर्षं झाली. माझ्याकडे आहे ती १९७० ची डॉज चॅलेंजर आर/टी. चार गिअर, पिस्तुलाच्या मुठीसारखा गिअरचा दांडा, रंग 'गो मँगो'. आजोळ रत्नागिरीचं म्हणून मी रंगावरच भाळलो असं बायको म्हणते. मी वाद घालत नाही.

माझ्या लहानपणी डॉज म्हणजे ट्रक. बाबा कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून तो कारखाना उभा केला, त्यामुळे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या कुर्ल्यात जुळवल्या जायच्या. बाबा लागले तोवर मोटारींची लाइन फियाटची झाली होती, पण डॉज आणि फार्गोचे ट्रक चालू होते. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या खिशात हमखास कुठल्यातरी सुट्या भागाला बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल असायचं, त्यावर आकडे. मी ती लेबलं जमवायचो. दुसरी पोरं काड्यापेटीची चित्रं जमवायची. पुढे नोकरीनं मला मिशिगनमध्ये आणून टाकलं, डेट्रॉइटच्या उत्तरेला, जिथे दर तिसऱ्या घरातल्या कुणीतरी फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर या बिग थ्रीपैकी कुठेतरी घाम गाळलेला असतो. तेव्हा आकड्यांचा तो जुना रोग उलटला, यात नवल नाही.

क्रायस्लरच्या या पिढीतल्या गाडीचा सातबारा म्हणजे तिचा फेंडर टॅग. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला आत, फेंडरच्या पत्र्यावर दोन स्क्रूनी बसवलेली पत्त्याएवढी पट्टी. ती खालून वर वाचायची. तळच्या ओळीत आधी इंजिन, मग गिअरबॉक्स, मग गाडीचा क्रमांक. माझ्या टॅगवर तिथे ई-६३ आहे, म्हणजे ३८३ घनइंचांचं मॅग्नम इंजिन. डी-२१, म्हणजे चार गिअर. पुढे जे-एस-२३. त्यातला 'जे' चॅलेंजरचा, 'एस' स्पेशलचा, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप. त्यानंतरचा 'एन' पुन्हा ३८३ चाच, शून्य हे १९७० सालाचं आणि 'बी' म्हणजे हॅमट्रॅम्कचा कारखाना. वरच्या ओळीत रंग, सीटचं कापड, बांधणीची तारीख. आणखी वर गेलं की बारीकसारीक लाड: टॅकोमीटर, रेडिओ, डिक्कीचा दिवा.

टॅगला एवढं महत्त्व यायचं कारण सरळ आहे. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची माहिती संगणकात टिकली, केव्हिन मार्टी यांनी तिचा परवाना मिळवला आणि आता पैसे भरले की तुमच्या मस्टँगची सगळी कुंडली घरपोच येते. पोंटियाकच्याही बिलांच्या नोंदी मिळतात. क्रायस्लरकडे मात्र १९६७ पर्यंतच्याच गाड्यांच्या नोंदी आहेत. नेमकी जी वर्षं लोकांना हवी असतात तिथे दप्तर कोरं. त्यामुळे टॅग, काचेवरचं किमतीचं पत्रक आणि बांधणीचा कागद, यातलं जे गाडीबरोबर टिकलं तेवढाच पुरावा. आणि जिथे पुरावा कमी आणि पैसा जास्त, तिथे काय होतं हे आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगायला नको. २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात १९७१ ची एक हेमी 'कुडा कन्व्हर्टिबल, म्हणजे हेमी नावाचं दांडगं इंजिन असलेली, उघड्या टपाची प्लिमथ बराकुडा, ३५ लाख डॉलरला गेली. १९७१ मध्ये अशा गाड्या डझनभरही बनल्या नव्हत्या. साध्या सहा सिलिंडरच्या बराकुडाचं पत्र्याचं खोकं आणि हेमी 'कुडाचं खोकं लांबून सारखंच दिसतं. मग नवे टॅग ठोकले जातात, ब्लॉकवरचे आकडे घासून नवे मारले जातात.

'नंबर्स मॅचिंग' हा या बाजाराचा गुरुमंत्र. १९६८ पासून इंजिनाच्या ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा तुकडा ठोकलेला असतो. तो गाडीच्या क्रमांकाशी जुळला तर गाडी सोवळ्यातली, नाही जुळला तर तिची किंमत तिथल्या तिथे उतरते. माझी नाही जुळली.

हे मला गाडी घेण्याआधीच दिसलं. विकणाऱ्या बाईंच्या गॅरेजमध्ये मी पाठीवर झोपून, ऑइल पॅनच्या कडेला असलेली ती घासून सपाट केलेली जागा शोधली. आधी ब्रेक क्लीनरचा फवारा, मग पितळी ब्रश. तारेचा लोखंडी ब्रश कधी वापरू नये, ठोकलेल्या आकड्यांच्या कडा जातात. वर खडू घासून बोटानं पुसलं की आकडे पांढरे उमटतात. इथे उमटलं काहीच नाही, जागा कोरी. मग बाजूला ब्लॉकवर ओतीव अक्षरांत तारीख सापडली, ती १९७३ ची. तीन वर्षांनी धाकटं इंजिन. आणि ते ३८३ नव्हतंच. ४४० होतं, ७.२ लिटरचं, ट्रेंटनच्या कारखान्यात बनलेलं. मोठ्या गाड्यांना आणि चाकांवरच्या घरांना, म्हणजे मोटरहोमला, लावायचे ते. बॉनेटवरच्या दोन्ही फुगवट्यांवर मात्र '३८३ मॅग्नम' तसंच, एअर क्लीनरच्या ताटलीवरसुद्धा.

बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी बाहेर सरकलो तसं त्यांनी विचारलं, "सापडलं का तुम्हाला? ते विनेबागोचं आहे." विनेबागो ही मोटरहोम बनवणारी कंपनी. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच टॅगवर नाही. १९७८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या नवऱ्यानं वुडवर्ड अव्हेन्यूवर मूळ इंजिन फोडलं. एक कनेक्टिंग रॉड ब्लॉकमधून बाहेर आला. नवरा रात्रपाळीला होता, हाताशी पैसा नव्हता, पोटात पोर होतं. त्यांच्या भावानं पाँटियाक गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे आगीत जळलेलं एक मोटरहोम पाहिलं होतं. आग मागच्या बाजूला, इंजिन शाबूत. दोघांनी ते दीडशे डॉलरला उचललं, पिकअपमध्ये घालून आणलं आणि याच गॅरेजच्या तुळईला साखळदंड लावून चढवलं. ४४० चा ब्लॉक ३८३ पेक्षा उंच. जुना इनटेक, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल पोचवणारा वरचा भाग, बसेना, एक्झॉस्टची जुळणी करावी लागली. "मी वर आठव्या महिन्यात, आणि हे दोघं खाली रात्री दोनला हातोड्यानं काहीतरी ठोकतायत," बाई म्हणाल्या. नवऱ्यानं बॉनेटवरचं ३८३ मुद्दाम ठेवलं. सिग्नलला शेजारच्यानं कमी लेखावं म्हणून.

तुळईवर साखळीचे वळ अजून होते. मी त्यांचा फोटो घेतला. माझ्या फाइलीतलं पहिलं पान तेच आहे, टॅगचा फोटो दुसऱ्या पानावर.

इथे माझं आणि या छंदातल्या बऱ्याच लोकांचं बिनसतं. त्यांच्या लेखी गाडीचा इतिहास म्हणजे असेंब्ली लाइनवरचा तिचा शेवटचा तास. त्या क्षणी ती जशी होती तशी ती पुन्हा करायची, नंतरचं सगळं खरवडून टाकायचं. यात कसब आहे, नाकारत नाही. मी अशी माणसं पाहिलीत जी मागच्या अ‍ॅक्सलवर तपासनिसानं मारलेला रंगाचा फटकारा हुबेहूब त्याच जागी, त्याच रंगात, वाकड्या हातानं मारतात. खालच्या पत्र्यावर कारखान्यात उडालेला जास्तीचा रंग जिथे जसा विरळ होत जातो तसाच विरळ करतात. तेव्हाच्या माणसानं दीड सेकंदात केलेल्या हलगर्जीपणासाठी आजचा माणूस आख्खी संध्याकाळ घालवतो. आणि प्रदर्शनात परीक्षक टॉर्च घेऊन खाली वाकतो आणि ओघळ फारच सुबक आला म्हणून गुण कापतो. मला हे विनोदी वाटतं, पण त्यांना सांगायची सोय नाही.

पण तो कारखान्यातला तास तरी ते खरा मानतात का? चॅलेंजर आणि बराकुडा ज्या हॅमट्रॅम्कच्या 'डॉज मेन'मध्ये बनायच्या, तो डॉज बंधूंनी १९१० मध्ये सुरू केलेला जुनाट कारखाना. मजल्यावर मजले, गाडी वरून खाली उतरत जायची. पोलंडहून आलेल्यांचं गाव, आणि साठच्या दशकात लाइनवर मोठ्या संख्येनं कृष्णवर्णीय कामगार, सगळ्यात जड आणि घाण कामांवर. मे १९६८ मध्ये लाइनचा वेग वाढवला म्हणून तिथे युनियनला न विचारता संप झाला आणि त्यातून 'ड्रम' ही कृष्णवर्णीय कामगारांची लढाऊ संघटना उभी राहिली. माझी गाडी त्याच्या पुढच्या वर्ष-दीड वर्षातली, त्याच मजल्यांवरची. जो फटकारा आज भक्तिभावानं पुन्हा मारला जातो तो मारणाऱ्याचा हात वाकडा का पडला, हे कुणी विचारत नाही. बाबा असते तर त्यांनी पहिला तोच प्रश्न विचारला असता. पाळी कितीची होती आणि लाइन किती पळत होती?

याचा पुरावा मला मागच्या सीटमध्ये मिळाला. बांधणीचा कागद, इथे त्याला ब्रॉडकास्ट शीट म्हणतात, तो लाइनवरच्या वेगवेगळ्या ठाण्यांना छापून जायचा, म्हणजे कुठल्या गाडीला कुठलं सीट, कुठला अ‍ॅक्सल हे कळावं. काम झालं की कामगार तो सीटच्या स्प्रिंगांत खोचून मोकळा. कधी गालिचाखाली, कधी पेट्रोलच्या टाकीवर. मी सीट उपटून उलटं केलं तेव्हा धुळीचा आणि उंदरांच्या लेंड्यांचा एक थर खाली पडला, आणि कापसात अडकलेली घडी दिसली. तपकिरी, कुजकी, एक कोपरा कुरतडलेला. लगेच उलगडली असती तर तुकडे झाले असते. ओलसर टॉवेलावर जाळी, त्यावर कागद, वर उलटी टोपली, रात्रभर दमट हवा. दुसऱ्या दिवशी चिमट्यानं एकेक घडी उघडली. चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोनात फिकट छपाईतले आकडे. चॅलेंजर होती, हॅमट्रॅम्कची होती, पण क्रमांक माझा नव्हता. ऑटोमॅटिक गिअर, हिरवा रंग. लाइनवर माझ्या मागे-पुढे कुठेतरी असलेल्या दुसऱ्याच गाडीचा कागद.

या गाड्यांत असं पुष्कळदा सापडतं. गाडी पळतेय, कागद हातात आहे, जे सीट समोर येईल त्यात खोचायचा. ज्याची गाडी हरवलीय त्या कागदाला काही किंमत नाही, पण ती गाडी जिवंत असेल तर तिच्या मालकासाठी तो सोनं. एका ओळखीच्यानं लगेच सल्ला दिला की गप्प राहा, क्रमांकाची गाडी शोध आणि मग भाव सांग. मी दोन-तीन क्लबांना क्रमांक कळवला आणि विसरून गेलो. बऱ्याच महिन्यांनी ओहायोहून एका निवृत्त पोस्टमनचा फोन आला. गाडी त्याच्याकडे होती, चाळीसहून जास्त वर्षं, आता तपकिरी रंगवलेली. पहिला रंग हिरवा होता हे त्यानं कुणाला पटवायचं म्हटलं तर त्याच्या शब्दापलीकडे काही नव्हतं. तो स्वतः गाडी चालवत आला. कागद मी दोन काचांत बसवून ठेवला होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि हिरव्या रंगाच्या कोडवर बोट ठेवून बायकोला म्हणाला, "बघ." पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. मग तो जाताना गाडीतून टोमॅटोचा एक खोका काढून ठेवून गेला. त्यांचं आमच्याकडे पुढचे पंधरा दिवस सार चाललं होतं.

माझ्या गाडीचा कागद कुणाच्या सीटमध्ये आहे, देव जाणे. असेलच असंही नाही.

चालवायला ही गाडी कशी आहे, असं लोक विचारतात. नव्या गाडीतून उतरून हिच्यात बसलेल्याची पहिली पाच मिनिटं घाबरण्यात जातात. क्लच ढकलायला मांडीचा जोर लागतो. चारी चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर दोनदा जोरात दाबले की तिसऱ्यांदा ते विचार करून लागतात. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी रस्त्याच्या चरांचं ऐकते. पेट्रोल लिटरला चार-पाच किलोमीटर. पण दुसऱ्या गिअरमध्ये, तीन हजार फेऱ्यांच्या पुढे, कार्ब्युरेटरची मागची दोन दारं उघडतात तेव्हा जो आवाज येतो तो कानानं नाही, बरगड्यांनी ऐकायचा. त्या काळच्या जाहिरातीतला ३३५ अश्वशक्तीचा आकडा, ३८३ चा, हा इंजिन स्टँडवर, पंखा-सायलेन्सरची अडगळ न लावता मोजलेला. १९७२ पासून गाडीतल्यासारखं सगळं लावून मोजायला लागले आणि आकडे एका रात्रीत खाली आले. ताकद खरोखरही उतरलीच होती. १९७० च्या हवाशुद्धीच्या कायद्यामुळे, शिसं नसलेल्या पेट्रोलची तयारी म्हणून कॉम्प्रेशन कमी केल्यामुळे. विम्यानं आधीच पोरांचं कंबरडं मोडलं होतं. ऑक्टोबर १९७३ मधल्या अरबांच्या तेलबंदीनं उरलंसुरलं आटोपलं. १९७४ मध्ये चॅलेंजर बंद झाली, १९८० च्या जानेवारीत डॉज मेनला टाळं लागलं. पुढे तो कारखाना पाडला. त्या जागेवर आणि शेजारच्या घरांची वस्ती उठवून जनरल मोटर्सनं आपला कारखाना उभारला. आता तिथे विजेवरच्या गाड्या बनतात. मी तिथून जाताना कधी वेग कमी करत नाही. बघण्यासारखं कुंपणच आहे.

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर 'ड्रीम क्रूझ' असते. १९९५ पासून. फर्न्डेलपासून पाँटियाकपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा घडीच्या खुर्च्या टाकून माणसं बसतात आणि मधून हजारो जुन्या गाड्या पायी चालावं तशा सरकतात. मी इंजिन तापू नये म्हणून पहाटेच एक चक्कर मारून गाडी सावलीत उभी करतो आणि बॉनेट उघडून ठेवतो. जाणकार माणूस बरोबर दोन सेकंदांत हसतो. बॉनेटवर बघतो, आत बघतो. एकदा सत्तरीतले एक गृहस्थ वाकून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हा इनटेक उंच आहे." मी विनेबागोची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, माझंही असंच, फक्त माझं टो ट्रकमधून काढलेलं. आणि खुर्ची ओढून बसलेच. गिअरबॉक्सच्या बुशिंगचा आवाज त्यांनी न बघता ओळखला. तेही फाइलीत आहे, त्यांच्या अक्षरात, कारण मी त्यांनाच लिहायला लावलं.

फाइल आता फाइल राहिलेली नाही, दोन खोकी झाली आहेत. दीडशे डॉलरची भंगारवाल्याची पावती, बाईंनी नंतर पोस्टानं पाठवलेली. १९८३ ची मफलरची पावती. मिठानं खाल्लेल्या डिक्कीच्या तळाचे फोटो, पत्रा कापण्याआधीचे आणि कापल्यानंतरचे. दसऱ्याला झेंडूचा हार घातलेली गाडी, हारामागे '३८३ मॅग्नम' अर्धं झाकलेलं, शेजारी थंडीनं कुडकुडणारी मुलगी हातात आपट्याऐवजी कुठल्यातरी मेपलची पानं घेऊन. असल्या फोटोचा लिलावात उपयोग शून्य. पण चाळीस वर्षांनी कुणी हिचं पोट उघडलं आणि हळदीकुंकवाचा डाग एअर क्लीनरच्या ताटलीवर सापडला, तर त्याला तो तपासनिसाचा फटकारा वाटू नये, म्हणून तारखेसह लिहून ठेवलंय.

मध्यंतरी एका गृहस्थानं फोन केला. त्याच्याकडे १९७० च्या तारखेचा ३८३ चा ब्लॉक आहे, आकड्यांची जागा कोरी. तुम्ही म्हणाल तो क्रमांक ठोकून देतो, जुने ठसे आहेत माझ्याकडे, कुणाचा बाप ओळखणार नाही. गाडीची किंमत किती वाढेल तेही त्यानं हिशेब करून सांगितलं. मी म्हटलं, तुमचं नाव आणि तारीख लिहून ठेवायला चालेल का, कारण मी गाडीबद्दलचं सगळं लिहून ठेवतो. त्यानं फोन ठेवला. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. "बरं झालं," ती म्हणाली, "आणखी एक इंजिन ठेवायला जागा नाहीये आपल्याकडे."

या हिवाळ्यात गिअरच्या दांड्याची बुशिंग बदलायची आहेत. जुनी पिशवीत घालून, लेबल बांधून, खोक्यात.